घोड्यावर बसण्याआधी : कोकण किनाऱ्यावर शिकणाऱ्यांसाठी आणि शिकवणाऱ्यांसाठी

कोकणात घोडेस्वारी म्हटलं की बहुतेकांना अलिबाग, काशीद नाहीतर मुरूडच्या वाळूवरची दहा मिनिटांची फेरी आठवते. घोडेवाला लगाम धरून पुढे चालतो, वर बसलेला खोगीर घट्ट पकडून फोटोपुरता हसतो, आणि पायउतार होतो. त्या फेरीत मजा असते, पण शिकणं वेगळं. शिकायला गेल्यावर सगळ्यात आधी गाठ पडते ती भीतीशी, आणि तिचं काय करायचं हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

मी शाळेत शिकवते. घोड्यावर बसायला शिकले ती मोठेपणी, आणि आता सुट्टीच्या दिवशी रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या तबेल्यात नव्यांना पहिले धडे द्यायला मदत करते. दोन्हीकडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : ‘थांब’ म्हटल्यावर खरंच थांबवलं जाईल अशी खात्री ज्याला असते, तो हळूहळू का होईना पुढे जातो. ज्याला ती नसते तो वरून गप्प राहतो आणि आतून आखडतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच खात्रीसाठी आहेत. पोहायला, सायकल चालवायला किंवा गणित शिकवणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल, पण मी बोलणार आहे घोड्याबद्दल.

१. जागा निवडताना घोड्याआधी माणसं बघा

पहिल्या दिवशी घोड्यावर बसायचंच नाही असं ठरवून जा. तासभर नुसतं बघत उभे राहा. घोड्यांच्या फासळ्या दिसतात का, तंगाखाली (खोगीर बांधायच्या पोटाखालच्या पट्ट्याखाली) किंवा पाठीवर जखमा आहेत का, पाणी सावलीत ठेवलंय का, नाल सैल झालेत का, हे नवख्यालाही कळतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, घोडा बिचकला की मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, काय करतो? तो ओरडला, लगामाला हिसडा दिला, चाबूक उगारला, तर समजा की तुम्ही बिचकलात तरी तुमच्याशी असंच वागलं जाईल. मला तरी याला अपवाद दिसलेला नाही.

मग शिकवणाऱ्याला विचारा : ‘मला मधेच उतरावंसं वाटलं तर?’ ‘उतरा की, त्यात काय’ हे चांगलं उत्तर. ‘अहो, तशी वेळच येत नाही आमच्याकडे’ हे वाईट. वेळ सगळ्यांवर येते.

घोडा किती मोठा आहे तेही बघा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भार नसावा, असा घोडेस्वारीतला सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्यावर जास्तीत जास्त सत्तर किलो. किनाऱ्यावरची बरीच टट्टं याहून लहान असतात. अंगाने भारी माणसाला ‘बसा हो, काही होत नाही’ म्हणून लहान टट्टावर चढवणारी जागा टाळा. ज्याला घोड्याची पाठ दिसत नाही, त्याला तुमची भीतीही दिसायची नाही.

२. कागद आणि सामान

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी पुरा करा.

– घोडेस्वारीचंच हेल्मेट. दुचाकीचं चालत नाही. ते जड असतं आणि त्यातून नीट ऐकू येत नाही. एकदा जोराचा मार बसलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बाद करा.
– पायाला घट्ट बसणारे, थोडी टाच असलेले बूट. टाचेमुळे पाऊल रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कड्यात, आरपार घुसत नाही. चपला आणि सँडल अजिबात नकोत. समुद्रावरच जायचंय म्हणून लोक हमखास चपलांत येतात.
– लांब, ताणली जाणारी पँट. ओढणी, लोंबणारी पिशवी, गळ्यातली लांब माळ घरी ठेवा.
– धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याची नोंद. जिथे लीद आणि माती, तिथे ही काळजी हवीच.
– पाठीचा, मानेचा, हाडांचा त्रास असेल, फिट येत असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारून, शक्य असेल तर लेखी घेऊन या.
– घरच्या दोन माणसांचे फोन नंबर आणि तुमचा रक्तगट लिहिलेला कागद. मुलांसाठी पालकांच्या सहीचं संमतिपत्र.

संमतिपत्र वाचून सही करा. ‘काहीही झालं तरी आमची जबाबदारी नाही’ एवढंच लिहिलं असेल, तर प्रथमोपचार कोण करतं आणि जवळचं रुग्णालय कोणतं, हे तोंडी तरी विचारून घ्या. आणि पालकांनो, मुलाची सही लागत नसली तरी ‘तुला जायचंय का?’ हे त्याला वेगळं विचारा, तेही गाडीत बसण्याआधी.

शरीराने अधू आहोत म्हणून जमणार नाही असं समजून परत जाऊ नका. पोलिओमुळे गुडघ्याखालचे पाय लुळे पडलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं. त्यांना घोड्यावर चढा-उतरायला मदत लागायची. मदत मागणं हा शिकण्याचाच भाग आहे, आणि चांगल्या तबेल्यात ती विनासायास मिळते.

३. पहिले काही दिवस जमिनीवरच

घोडा हा शिकार होणाऱ्या प्राण्यांपैकी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी समोरचा आणि शेपटीच्या थेट मागचा पट्टा दिसत नाही. तिथून कुणी अचानक आलं तर तो दचकतो, लाथ मारतो किंवा पळतो. त्याला वाईट खोड लागलेली नसते, तो जीव वाचवत असतो. म्हणून खांद्याच्या बाजूने, आवाज देत, बेताने जवळ जा. हात आधी मानेला किंवा खांद्याला लावा, नाकाला नको.

मग खरारा करायला शिका. गोल ब्रशने मळ सुटा करायचा, मऊ ब्रशने झाडायचा, खुरांतली वाळू काढायची. नवखे हे काम नोकराचं समजून टाळतात आणि नेमकं इथेच नुकसान करून घेतात. खरारा करताना हळूहळू कळू लागतं, की कान पुढे म्हणजे लक्ष आहे, कान मागे चिकटलेले म्हणजे राग, डोळ्याचा पांढरा भाग दिसला तर भीती, शेपटी सारखी झटकली तर माश्या किंवा वैताग, मान खाली आणि खालचा ओठ सैल म्हणजे तो निवांत आहे. ही भाषा थोडीशी येऊ लागली की तुमची अर्धी भीती ओसरते, कारण आता हा एवढा मोठा प्राणी काय करेल याचा थोडातरी अंदाज येतो.

घोडाही तुम्हाला वाचत असतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा खूर आपटून गणितांची उत्तरं देतो म्हणून प्रसिद्ध झाला होता. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये बारकाईने तपासलं, तेव्हा कळलं की त्याला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याच्या डोक्याची आणि अंगाची अगदी बारीकशी हालचाल व्हायची. ती विचारणाऱ्याला स्वतःलाही कळत नसे, पण हान्सला दिसायची आणि तो थांबायचा. उत्तर माहीत नसलेल्या माणसाने विचारलं की हान्स चुकायचा. तेव्हा ‘मी घाबरलोच नाही’ हा आव घोड्यापुढे टिकत नाही. शिकवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं : तोंडाने ‘छान, छान’ म्हणताना जबडा आवळलेला असेल, तर घोड्याला कळतं आणि मुलांनाही कळतं.

४. भीती पाण्याच्या भाषेत मोजा

माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी पडलेली पायरी ही. ‘भीती वाटतेय का?’ असं विचारलं की मुलगे ‘नाही’ म्हणतात, मोठी माणसं ‘छे हो’ म्हणतात. त्याऐवजी विचारा : ‘पाणी कुठवर आलंय?’

घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, कमरेएवढं की गळ्याशी? किनाऱ्यावर वाढलेल्या कुणालाही हे लगेच समजतं. गुडघाभर पाण्यात उभं राहण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, म्हणून उत्तरही खरं मिळतं. मग प्रत्येक उत्तरावर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा :

घोटा – पुढे चला.
गुडघा – इथेच शिकणं होतं. जे चाललंय तेच चालू ठेवा, नवीन काही घालू नका.
कंबर – थांबा. घोडा उभा करा, श्वास लांब सोडा, बोला. पाणी गुडघ्यावर उतरलं तरच पुढे.
गळा – उतरा. आजचा धडा जमिनीवर संपवा.

शिकवणाऱ्याने स्वतःचंही पाणी सांगावं. ‘आज वारा जोराचा आहे, माझं गुडघ्याला आहे, म्हणून आपण सुरूच्या बनापलीकडे जाणार नाही.’ असं एकदा मोठ्याच्या तोंडून ऐकलं की मुलांच्या तोंडाची कुलपं उघडतात. नववीतली एक मुलगी पहिल्या दिवसापासून ‘घोटा, घोटा’च म्हणत होती, मुठी मात्र पांढऱ्या पडलेल्या. तिला शिकवणाऱ्या दादाने तिच्यासमोर मोतद्दार काकांना विचारलं, ‘काका, या नव्या घोडीवर तुमचं पाणी कुठवर?’ काका म्हणाले, ‘कमरेला आहे रे अजून, लाथाडते ती.’ पुढच्या फेरीला मुलीने सांगितलं, ‘माझं पण कमरेलाच आहे.’ त्या दिवसापासून ती खरी शिकायला लागली.

भीती जास्त बोलून दाखवणारा शिष्य कच्चा, असं समजू नका. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेला रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास करताना असं आढळलं, की ज्या गटांत आपसांतला विश्वास चांगला, तिथे चुकांची नोंद कमी नव्हे तर जास्त होती, कारण तिथे चूक सांगायला कुणी घाबरत नव्हतं. ज्या वर्गात एकही मूल ‘समजलं नाही’ म्हणत नाही, त्या वर्गाची मला जास्त काळजी वाटते.

५. ‘थांब’चा नियम

घोड्यावर बसण्याआधी हा नियम सगळ्यांच्या देखत म्हणा : शिकणारा ‘थांब’ म्हणाला की घोडा थांबतो. का, कशाला, हे नंतर. ‘एवढी फेरी पुरी कर’ नाही. ‘आत्ता तर छान जमत होतं’ नाही.

मग नियमाची तालीम करा. शिकवणाऱ्याने लांब दोरी धरून घोडा चालवायचा, वर बसलेल्याने भीती नसतानाही मुद्दाम ‘थांब’ म्हणायचं आणि घोडा दर वेळी थांबवायचा. काही जण थोडा वेळ नुसतं तेवढंच करत राहतात, करू द्या. त्यांना नियम पारखून बघायचा असतो. नियम खरा निघाला की ‘थांब’ आपोआप कमी होतं.

काही शिकवणाऱ्यांना वाटतं, अशाने मुलं लाडावतील. घोडा कसा शिकतो ते बघा. आपण पायाने पोटऱ्यांचा हलका दाब देतो, घोडा पाऊल उचलतो, आणि त्याच क्षणी आपण दाब काढून घेतो. दाब निघाला यातूनच त्याला कळतं की हेच हवं होतं. पाऊल उचलल्यावरही जो दाबतच राहतो, त्याचा घोडा काही दिवसांत मठ्ठ होतो किंवा चिडका होतो. मुलाने हिंमत करून ‘कमरेला आलंय’ म्हणून सांगितलं आणि तरीही त्याच्यावरचा दाब तसाच राहिला, तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही. दाब कधी सोडायचा हे ज्याला कळलं, त्याला शिकवणं बरंचसं कळलं.

६. वर बसल्यावर

यात मी थोडक्यात सांगते, कारण हे समोर बघूनच शिकायचं असतं. चढण्याआधी तंग स्वतः तपासा. डावीकडून चढा. तोल गेला तर लगामाला लोंबकळू नका, आयाळ धरा. लगाम थेट घोड्याच्या तोंडात जातो, त्याला दुखतं. नजर घोड्याच्या कानांमधून पुढे ठेवा, टाचा खाली, श्वास चालू. घाबरल्यावर माणूस श्वास रोखतो, गुडघे आवळतो आणि पुढे वाकतो. घोड्याला हे ‘पळ’ असं वाटू शकतं. म्हणून श्वास मोठ्याने सोडा, गाणं म्हणा, आकडे मोजा, काहीही करून हवा बाहेर जाऊ द्या.

आधी कदमचाल (नुसतं चालणं) आणि थांबणं. उभ्या घोड्यावरून दोन्ही पाय रिकिबीतून काढून झटकन उतरण्याचा सराव. मग वळणं. दुडकी, म्हणजे हलकी धाव, त्यानंतर, आणि तीही पाणी गुडघ्याखाली असेल तरच. भरधाव सोडण्याची घाई कुणी तुमच्यावर लादू लागलं, तर ती घाई त्याची आहे.

७. वाळूवर जाण्याआधी भरती-ओहोटी बघा

पहिले धडे कुंपणातच घ्या. समुद्रावर पर्यटक, भटकी कुत्री, फडफडणारे झेंडे, वाळत टाकलेली जाळी, चारचाकी वाळूगाड्यांचा आवाज आणि पुढेमागे सरकणारी फेसाची पांढरी रेघ, हे सगळं घोड्याला एकदम झेलावं लागतं.

पौर्णिमा-अमावास्येला उत्तर कोकणात भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास पूर्ण होते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. रोज ही वेळ सुमारे पाऊण तास पुढे सरकते, म्हणून अष्टमीला चित्र उलटं होतं. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या, दिवसांत पाणी खूप मागे जातं, आणि तितकंच वेगाने वर चढतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत भरती-ओहोटीतला फरक कमी असतो. हा झाला अंदाज. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा आणि गावातल्या कोळ्यांना विचारा. अलिबागला कुलाबा किल्ल्यापर्यंत टांगे जातात ते ओहोटीलाच, आणि टांगेवाले परतीची वेळ काटेकोर पाळतात.

नवख्यांनी पाणी मागे हटत असताना जावं. भरतीच्या रेषेखालची ओलसर, घट्ट वाळू चालायला चांगली. वरच्या कोरड्या वाळूत घोड्याचे पाय रुततात आणि त्यांच्यावर ताण येतो. अनोळखी खाडीच्या तोंडाशी आणि चिखलाच्या पट्ट्यात जाऊ नका. परत आल्यावर घोड्याचे पाय गोड्या पाण्याने धुवा आणि त्याला प्यायला द्या. आपण नारळपाणी पिण्याआधी.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे बघ्यांची गर्दी. कुंपणात गुडघ्याला असलेलं पाणी लोक बघू लागले की गळ्याशी येतं, आणि ‘थांब’ म्हणायची लाज वाटते. म्हणून समुद्रावर ‘थांब’साठी हाताची एक खूण ठरवा, जी फक्त शिकवणाऱ्यालाच कळेल.

८. पडल्यानंतर

घोड्यावर बसणारा कधीतरी पडतोच. पडलेल्याला लगेच उचलू नका. मान-पाठ दुखतेय का, सगळी बोटं हलतात का, हे विचारा. डोक्याला मार लागला असेल, चक्कर, उलटी किंवा गोंधळल्यासारखं होत असेल, तर डॉक्टर, आणि त्या दिवशी पुन्हा बसणं नाही.

लागलं नसेल तरी ‘लगेच परत बसव, नाहीतर भीती कायमची बसेल’ हा सल्ला सरसकट पाळू नका. पाणी विचारा. गुडघा म्हणाला तर बसवा. गळा म्हणाला तर घोड्याजवळ नुसतं उभं राहू द्या, खरारा करू द्या, त्याच्या मानेवर हात ठेवूनच दिवस संपवा. काय झालं ते त्याच्याच शब्दांत सांगू द्या. मधे ‘मी म्हटलं होतं ना’ म्हणू नका.

९. पालकांसाठी

कुंपणाबाहेरून सूचना देऊ नका. मुलाला एकाच वेळी घोडा, शिकवणारा आणि आई-बाबा असे तीन आवाज ऐकावे लागतात. व्हिडिओ काढायचा तर मुलाला विचारून काढा. ‘बघ, ती तुझ्याहून लहान असून दुडकी चालवते’ हे वाक्य तर कायमचं सोडून द्या. आणि तबेल्यात शिकवणारा मुलाला हिणवताना दिसला, तर गप्प बसू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ मधल्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. तबेला शाळा नसला तरी मूल तेच असतं.

१०. पावसाळा आणि पुन्हा सुरुवात

जूनपासून किनारा बंदच समजा. लाटा, वारा आणि उखडलेली वाळू, यांत नवख्यांचं काम नाही. त्या महिन्यांत तबेल्यात जात राहा. ओलीने खूर कुजतात, ते रोज कोरडे आणि साफ ठेवायला माणसं लागतात. घोड्याशी ओळख टिकते आणि शिकवणाऱ्यालाही मदत होते.

दसऱ्यानंतर पुन्हा बसाल तेव्हा पायरी ३ पासून सुरू करा, मागच्या हंगामात कितीही पुढे गेला असलात तरी. मे महिन्यात घोट्याला असलेलं पाणी ऑक्टोबरात कमरेला येऊ शकतं. म्हणून पहिल्याच दिवशी नव्याने विचारा, आणि ‘थांब’ची तालीम पुन्हा एकदा करून मगच लांब दोरी सोडा.